दरपत्रक आणि रिकामी परतफेरी

प्रश्न : मी फोंड्याची. गोवा विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाजाराचं नियमन हा माझ्या आवडीचा विषय आणि पुढेही त्यातच काम करायचं आहे. डिझर्टेशनसाठी मी ‘गोव्यातील टॅक्सी दरांचे नियमन’ हा विषय निवडला. अडचण अशी की माझे बाबा स्वतः टॅक्सी चालवतात. ते म्हणतात, ‘शिकून आमच्याच पोटावर पाय आणणार काय?’ वर्गातले म्हणतात, घरचाच धंदा असताना तू तटस्थ कशी राहणार? विषय बदलू का? नाही बदलला तर सुरुवात कुठून करू? आणि या विषयावर पुढे नोकरी कुठे मिळते?

उत्तर : विषय बदलू नका, शीर्षक बदला. तुमच्या आताच्या शीर्षकाखाली काहीही मावतं, म्हणून त्यातून काहीच हाती लागणार नाही. दर योग्य की अयोग्य, टॅक्सीवाले लुटतात की लुटले जातात, हे प्रश्न चहाच्या टपरीवर ठीक. तुम्हाला मोजता येईल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ : सरकारने ठरवलेला दर आणि प्रत्यक्ष घेतलेलं भाडं यांत किती फरक पडतो, आणि त्यातला किती भाग रिकाम्या परतफेरीमुळे व हंगामामुळे आहे? एवढ्यावर पाच-सहा महिने नीट जातात.

रिकामी परतफेरी का, ते आकड्यांत पाहू. हे आकडे नमुन्याचे आहेत. खरे आकडे बाबांच्या वहीत मिळतील. समजा गाडीचा हप्ता महिन्याला १४,०००, विम्याचा महिन्याचा वाटा ४,०००, कर, परवाना, फिटनेस आणि किरकोळ दुरुस्ती मिळून ६,०००. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी २४,००० रुपये गेलेच. इंधन, टायर, ऑइल मिळून किलोमीटरला ७ रुपये धरू. भाडं ३० किलोमीटरचं, पण येताना गाडी रिकामी, म्हणून धावणं ६० किलोमीटर, खर्च ४२० रुपये. सीझनमध्ये महिन्याला ६० भाडी मिळाली तर प्रत्येक भाड्यावर स्थिर खर्चाचे ४०० रुपये चढतात, एकूण ८२०. पावसात २० भाडी मिळाली तर तेच १,२०० होतात, एकूण १,६२०. गिऱ्हाइकाच्या ३० किलोमीटरने भागलं तर एकीकडे २७ रुपये, दुसरीकडे ५४. यात चालकाची मजुरी अजून शून्य धरली आहे.

आता वर्षभरासाठी किलोमीटरला ४० रुपये असा एकच दर ठरवला असं माना. भाड्याचे १,२०० रुपये. सीझनच्या महिन्यात हाती २२,८०० उरतात, पावसाच्या महिन्यात ८,४०० खिशातून जातात. तरीही पावसात गाडी रस्त्यावर येते, कारण एका भाड्यामागे धावण्याचा खर्च ४२० आणि मिळणार १,२००. हप्ता तर घरी बसूनही भरायचाच आहे. यातून तपासता येईल असं भाकीत निघतं. जूनमध्ये भाडी दरपत्रकाच्या खाली घसरली पाहिजेत, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वर चढली पाहिजेत. तसं दिसलं तर दोन्ही टोकांना मोडणारा नियम एकाच हिशेबाने समजतो. तसं दिसलं नाही, जूनमध्येही भाडं खाली आलं नाही, तर त्याहून रंजक काहीतरी तुमच्या हाती लागलं : स्टँडवर कुणीतरी दर धरून ठेवत आहे.

परतीचं गिऱ्हाईक मिळालं तर चित्र किती पालटतं तेही पाहा. दर दोन फेऱ्यांमागे एकदा येताना भाडं मिळालं, तर १२० किलोमीटरच्या धावण्यात तीन भाडी झाली. प्रत्येकी खर्च ४२० वरून २८० वर आला. अ‍ॅपवरून टॅक्सी देणाऱ्यांचा खरा फायदा इथे आहे, आणि स्टँडवाल्यांशी खरा तंटाही इथेच आहे. दुसऱ्या स्टँडच्या दारातून भाडं उचलू दिलं नाही, तर परतफेरी रिकामीच राहणार आणि तिचा खर्च जाणाऱ्या गिऱ्हाइकावर पडणार. ‘गोव्यात टॅक्सी महाग का’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे असावं असा आमचा कयास आहे. पण कयास तो कयास. मोजायचं तुम्ही आहे.

दुसरा मुद्दा पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात, पण तो बाबांना समजावून सांगाल तर घरातला निम्मा वाद मिटेल. १०० टॅक्सी, दिवसाला ३०० भाडी, प्रत्येकी १,००० रुपये. एका गाडीची कमाई ३,०००. संघटनेने आंदोलन करून दर २० टक्क्यांनी वाढवून घेतला, १,२०० झाला; गिऱ्हाईक थोडं कमी होऊन भाडी २७० वर आली. एकूण कमाई ३ लाखांवरून ३ लाख २४ हजारांवर गेली. सगळे खूश. पण धंदा बरा चालतोय म्हटल्यावर गावातल्या आणखी मुलांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. गाड्या १०८ झाल्या की प्रत्येकाला दिवसाला अडीच भाडी, कमाई पुन्हा ३,०००. वाढलेला दर चालकाच्या खिशात उरलाच नाही, आठ जादा गाड्यांच्या हप्त्यांत आणि झाडाखाली पत्ते कुटण्यात गेला. दर वाढूनही हाल तेच, असं बाबा म्हणत असतील तर ते खोटं बोलत नाहीत. प्रवेश खुला आणि दर बांधलेला असेल तर बाजार हेच करतो.

प्रवेश बंद असेल तर नफा वाट पाहण्यात न जिरता जागेच्या किमतीत शिरतो. न्यूयॉर्क शहराने १९३७ च्या कायद्याने टॅक्सी परवान्यांची संख्या बांधली. २०१४ च्या सुमारास एकेका परवान्याची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली होती, मग अ‍ॅप टॅक्सी आल्या आणि ती कोसळली. बुडाले ते शेवटी कर्ज काढून परवाना विकत घेणारे. त्यांना मक्तेदारीचा नफा मिळालाच नव्हता, त्यांनी त्याची किंमत आगाऊ मोजली होती. अर्थतज्ज्ञ गॉर्डन टुलॉक यांनी १९७५ मध्ये नेमका हा सापळा मांडला. गोव्यात हॉटेलबाहेरच्या स्टँडवरचा नंबर ही अशीच जागा आहे का, तो नंबर वारशाने जातो, भाड्याने जातो की विकला जातो, हे विचारा. थेट विचारलं तर उत्तर मिळणार नाही. ‘या स्टँडवर नवा माणूस कसा येतो?’ असं विचारा.

आता जपायची एक गोष्ट. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९७१ मध्ये मांडलं की नियमन बहुतेक वेळा त्या उद्योगालाच हवं असतं आणि त्याच्याच सोयीने घडवलं जातं. हे वाचल्यावर विद्यार्थ्याला सगळीकडे हेच दिसू लागतं. ‘टॅक्सीवाल्यांची मतं, म्हणून सरकार गप्प’ हे वाक्य लिहायला दोन सेकंद लागतात. थांबा. नियामक खरंच टॅक्सीवाल्यांच्या खिशात असेल तर दरपत्रकातले दर वेळच्या वेळी वाढायला हवेत. राजपत्रं लावून दोन सुधारणांमध्ये किती वर्षं गेली ते मोजा आणि मग बोला. अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७६ मध्ये यात दुरुस्ती केली : नियामक दोन्ही बाजूंची नाराजी तोलत असतो. गोव्यातली गंमत अशी की भाडं देणारा पर्यटक इथे मत देत नाही, आणि मत देणारा गोंयकार रोजच्या जाण्यायेण्याला कदंबची सरकारी बस, खाजगी बस, पायलटची भाड्याची मोटारसायकल किंवा स्वतःची स्कूटर वापरतो. तराजूचं एक पारडं आधीच हलकं आहे. हा युक्तिवाद तुमच्या प्रास्ताविकात शोभेल, निष्कर्षात मात्र पुराव्याशिवाय नको.

कागदपत्रांपासून सुरुवात करा, स्टँडपासून नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६७ खाली राज्य सरकारला भाडी ठरवण्याबाबत निर्देश देता येतात. ते राजपत्रात अधिसूचना म्हणून येतात. गोव्याचं राजपत्र गुरुवारी निघतं, जुने अंक ऑनलाइन आहेत. प्रत्येक अधिसूचनेतून अंमलाची तारीख, वाहनाचा वर्ग, वातानुकूलित की साधी, पहिल्या टप्प्याचा दर, पुढचा किलोमीटर दर, थांबण्याचा आकार, रात्रीचा आकार, सामान, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परतीच्या भाड्याबद्दलचा शब्दप्रयोग उतरवून घ्या. वर्तमानपत्रातली तारीख वापरू नका. घोषणेचा दिवस आणि अधिसूचनेचा दिवस यांत महिने जाऊ शकतात आणि तुमचं ‘आधी-नंतर’ तिथेच चुकतं.

नोंदणीकृत टॅक्सींची संख्या हवी असेल तर आधी विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांत शोधा, आमदारांनी वाहतूक खात्याला हे प्रश्न विचारलेले असतात आणि उत्तराला तालुकावार तक्ते जोडलेले सापडतात. तिथे नसेल तरच माहिती अधिकार : १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्जात ‘दर का वाढवला’ असं विचारलंत तर ‘ही माहिती या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येईल. ‘अमुक अधिसूचनेच्या फाइलवरील टिपणी व पत्रव्यवहाराची प्रत’ मागा, कारण आपोआप त्यात असतं.

स्टँडवरचं काम. चार जागा पुरे, पण वेगवेगळ्या जातीच्या : एक रेल्वे स्थानक, समजा मडगाव, एक बसस्टँड, समजा पणजी, एक किनाऱ्यावरची, कळंगुट किंवा कोलवा, एक विमानतळ. फॉर्म एक पानाचा. ‘किती घेता?’ हा प्रश्न त्यात असूच नये, त्याला सगळे दरपत्रकच वाचून दाखवतात. ‘शेवटचं भाडं कुठून कुठे गेलं, किती किलोमीटर, किती मिळाले, येताना रिकामी की भरलेली, किती वेळ नंबर लावून थांबलात, भाडं स्टँडवरून, फोनवरून, हॉटेलकडून की अ‍ॅपवरून, आणि त्यात कुणाला कमिशन गेलं का?’ असं एकेका भाड्याबद्दल विचारा. प्रत्येकाची शेवटची पाच भाडी घ्या. ३० चालकांमागे १५० ओळी होतात. दहा फॉर्म आधी कच्चे भरून बघा. दोन प्रश्न नक्की बदलावे लागतील.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात पडलेले प्रबंध आम्ही पुष्कळ तपासले आहेत. दुपारी बारा वाजता स्टँडवर कोण भेटतो? ज्याला भाडं मिळालेलं नाही तो. ज्याचा धंदा जोरात आहे तो त्या वेळी दाबोळी विमानतळाच्या वाटेवर असतो. म्हणजे तुमच्या नमुन्यात रिकामटेकडे जास्त येतात आणि सरासरी थांबणं फुगतं. यावर इलाज : स्टँडच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढा आणि तोच माणूस सापडेपर्यंत, सकाळ-संध्याकाळ, तीन खेपा घाला. यादी मिळत नसेल तर गेल्या सात दिवसांत एकूण किती भाडी झाली ते प्रत्येकाला विचारा आणि विश्लेषणात त्या संख्येने वजन द्या.

प्रवाशांना वेगळं विचारा, चालकासमोर नाही. दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत, आणि ती तफावतच कधीकधी कमिशन असते.

गाडीचा नंबर, नाव, फोन फॉर्मवर लिहू नका. क-०७ असा संकेतांक द्या आणि यादी वेगळ्या वहीत ठेवा. ‘ही माहिती आरटीओकडे जाणार’ अशी शंका एकदा स्टँडवर फिरली की पुढचे वीस फॉर्म वाया. आणि पावसाळा चुकवू नका. फक्त डिसेंबरात केलेला टॅक्सीचा अभ्यास म्हणजे चवथीला बघून वर्षभराच्या स्वयंपाकाचा अंदाज बांधणं.

आकडेमोडीसाठी ‘आर’ (R) ही संगणक प्रणाली फुकट आहे, तेवढं शिका. एक सावधगिरी : एका चालकाची पाच भाडी म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत, म्हणून प्रमाण त्रुटी (अंदाज किती चुकू शकतो याचं माप) एका चालकाची भाडी एक गट धरून काढा. चार स्टँडांच्या फरकावरून मोठे दावे करू नका, चार म्हणजे फारच कमी. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा ‘मोपाआधी-मोपानंतर’ अशी तुलना करण्याचा मोह होईल. पण त्याआधीची भाडी कुणी पद्धतशीर मोजलेली तुमच्या हाती नसतील, आणि त्याच सुमारास कोविडनंतरचे पर्यटकही परतत होते. आठवणीतून ‘तीन वर्षांपूर्वी किती घ्यायचात’ असं विचारून ती पोकळी भरू नका.

तोंडी परीक्षेत हमखास येणारा एक घोळ आताच निस्तरा. दर आधीच ठरवून देणारा नियामक वेगळा, आणि बाजारात गैरवर्तन झाल्यावर चौकशी करणारा भारतीय स्पर्धा आयोग वेगळा. आयोग २००२ च्या स्पर्धा कायद्याने आला. संगनमत कलम ३ मध्ये, वर्चस्वाचा गैरवापर कलम ४ मध्ये. भाडं जास्त आहे एवढ्याने स्पर्धा कायदा मोडत नाही. सरकारी दरपत्रक हेही संगनमत नव्हे. पण स्वतंत्र मालकांनी मिळून आपसांत दर ठरवला आणि बाहेरच्याला भाडं उचलू दिलं नाही, तर कलम ३ चा प्रश्न उभा राहू शकतो, हे वाक्य घरी जरा जपून बोला. अ‍ॅप कंपन्यांचा गणिती (अल्गोरिदमने ठरणारा) दर हे चालकांचं संगनमत आहे हा युक्तिवाद उबर-ओला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर २०२० मध्ये टिकला नाही. अ‍ॅपसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं वेगळी वाचा : २०२० च्या तत्त्वांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपट मर्यादा होती, जुलै २०२५ च्या तत्त्वांत ती दुप्पट झाली.

नोकरीबद्दल थोडक्यात. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यूपीएससी घेते; वय २१ ते ३०, अर्थशास्त्राचे २०० गुणांचे चार पेपर, इंग्रजी व सामान्य अध्ययन प्रत्येकी १००, मुलाखत २००. स्पर्धा आयोग, सेबी, रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग हे स्वतंत्र जाहिराती काढतात. दिल्ली-मुंबईतल्या सल्लागार संस्था स्पर्धा खटल्यांसाठी अर्थतज्ज्ञ घेतात. राज्यात पर्वरीचं नियोजन व सांख्यिकी खातं आहे. काम दिसायला कसं असतं म्हणाल तर सहा तास आदेश आणि ताळेबंद वाचणं, एक तास एक्सेल दुरुस्त करणं आणि एक तास वकिलाला समजेल असं लिहिणं. शेवटचा तास सगळ्यात अवघड. त्याची चव घ्यायची असेल तर आपल्या विजेच्या दराकडे बघा. गोव्याचा वीजदर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, त्याचं कार्यालय गुरुग्रामला. वीज खात्याची दरयाचिका जाहीर होते, लोकांकडून हरकती मागवतात, सुनावणी होते. याचिकेतली वीजखरेदी, गळती आणि घरगुती-औद्योगिक दरांतला फरक ही तीन पानं वाचून दोन पानी हरकत पाठवा, आणि अंतिम आदेशात तुमच्या मुद्द्याला काय उत्तर दिलंय ते शोधा. मुलाखतीत दाखवायला यासारखं दुसरं काही नाही.

राहिला तटस्थतेचा प्रश्न. बाबा चालक आहेत हे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एका वाक्यात लिहा. लपवलेलं नातं संशय वाढवतं, सांगितलेलं मिटवतं. बाबांचा स्टँड नमुन्यातून वगळा. त्यांना एकाच स्टँडवर ओळख करून द्यायला सांगा, बाकी तिन्ही ठिकाणी विभागाचं पत्र घेऊन स्वतः जा. सगळीकडे त्यांच्याच ओळखी वापरल्यात तर नमुना त्यांच्या मित्रमंडळाचा होईल. पोटावर पाय येण्याबद्दल एवढंच प्रामाणिकपणे सांगता येईल की निष्कर्ष त्यांच्या बाजूने जाईल की विरुद्ध, हे आज तुम्हालाही माहीत नाही. आणि विरुद्ध गेला तर तो तुम्ही बदलणार नाही. हे त्यांना आत्ताच सांगा, मार्चमध्ये नको.

पहिला कच्चा फॉर्म मात्र त्यांच्यावरच भरा. रात्री जेवणं आटोपली की वही आणि पेट्रोल पंपाच्या पावत्या काढायला सांगा, मीटरवरचे महिन्याचे किलोमीटर आणि गिऱ्हाईक बसलेले किलोमीटर वेगळे लिहा, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. तो भागाकार किती येईल याचा अंदाज आधी त्यांना करायला लावा आणि तोही कोपऱ्यात लिहून ठेवा.